'हिंदुस्थान' नांवाची युद्धनौका

आमच्या भंडारा जिल्ह्याला समुद्र नाहीं. येथें तळीं पुष्कळ आहेत, वैनगंगा आहे. परंतु मुंबईची गोदी येथून आगगाडीनें सुमारें नऊशें किलोमीटर दूर. तेव्हां शाळेच्या या वार्षिकांत एका युद्धनौकेची हकीकत कशाला, असें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस वाटल्यास नवल नाहीं. त्याचें कारण एक दगड आहे. मागें एकदां तुमसरकडील एका विद्यार्थ्यानें खाणीजवळ सांपडलेला काळा दगड वर्गांत आणला. तो हातोहात फिरला आणि त्याच्या जडपणाचें सर्वांस आश्चर्य वाटलें. "सर, याचें काय करितात?" असा त्या मुलाचा प्रश्न होता. त्या दिवशीं घंटा झाल्यामुळें आमचें उत्तर अपुरें राहिलें. तें आज पुरें करीत आहों.

तो दगड मँगॅनीजच्या खनिजाचा होता. भट्टींतून निघालेल्या लोखंडांत गंधकाचा अंश राहतो, आणि त्या गंधकामुळें लालबुंद पोलाद लाटतांना तडकतें. मँगॅनीज मिसळलें म्हणजे तें गंधकास आपल्याशीं बांधून घेतें, आणि पोलाद तडा न जातां लाटतां येतें. मिठावांचून जशी भाजी नाहीं, तसें मँगॅनीजवांचून चांगलें पोलाद नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं नागपूर, भंडारा, बालाघाट व छिंदवाडा या जिल्ह्यांतील खनिज आगगाडीनें बंदरावर, आणि तेथून इंग्लंड, युरोप व अमेरिका येथील पोलादाच्या कारखान्यांकडे जाऊं लागलें. आमच्या जिल्ह्यांतील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील खाणी आजहि चालू आहेत. त्या काळच्या पोलादाच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकीं एक म्हणजे इंग्रजांचें आरमार. आणि त्या आरमारांतील एका नौकेस आपल्याच देशाचें नांव होतें.

इंग्रज सरकारनें त्या सुमारास एकाच घडणीच्या आठ मोठ्या युद्धनौका बांधविल्या. पहिलीस 'सातवा एडवर्ड' हें राजाचें नांव मिळालें. बाकीच्यांस 'कॉमनवेल्थ', 'डोमिनियन', 'न्यूझीलंड', 'आफ्रिका', 'ब्रिटानिया', 'हायबर्निया' आणि 'हिंदुस्थान' अशीं नांवें मिळालीं. राजाच्या छत्राखालील सर्व मुलूख जणूं समुद्रावर तरंगत ठेवावे, असा त्यांत हेतु दिसतो. 'हिंदुस्थान' स्कॉटलंडांत क्लाइड नदीच्या कांठीं जॉन ब्राऊन यांच्या कारखान्यांत बांधिली गेली. २५ ऑक्टोबर १९०२ रोजीं तिचा पाया घातला, १९ डिसेंबर १९०३ रोजीं ती पाण्यांत उतरली, आणि १९०५ च्या ऑगस्टांत आरमारांत दाखल झाली.

तिचा आकार डोळ्यांपुढें यावा म्हणून असें समजा कीं, क्रिकेटच्या सात खेळपट्ट्या एकापुढें एक मांडल्या तर जेवढी लांबी होईल, जवळजवळ तेवढी, म्हणजे सुमारें ४५३ फूट, ती लांब होती. वजन सुमारें १६,००० टन. मध्यभागीं पाण्याच्या रेषेजवळ नऊ इंच जाडीचें पोलादी चिलखत होतें. बारा इंची चार तोफा, सव्वानऊ इंचीहून किंचित् लहान अशा चार, सहा इंची दहा, आणि त्यांखेरीज लहान तोफा व पाणतीर सोडण्याच्या नळ्या. खलाशी व अधिकारी मिळून पावणेआठशें माणसें तिच्यावर राहत. बाष्पयंत्रें मुख्यतः कोळशावर चालत. तो कोळसा शेंकडों टन असे व खलाशांनाच पोतीं भरून कोठारांत लोटावा लागे. नांव 'हिंदुस्थान' असलें तरी ही सारी माणसें ब्रिटिश आरमाराचीं होतीं.

आतां या नौकेच्या दैवाची गोष्ट. ती दाखल झाल्यास पुरें दीड वर्षहि झालें नव्हतें, तोंच १९०६ च्या डिसेंबरांत 'ड्रेडनॉट' ही नवी युद्धनौका तयार झाली. 'ड्रेडनॉट'वर बारा इंची दहा तोफा होत्या, आणि मधल्या आकाराच्या तोफा मुळींच नव्हत्या. यांत काय मोठेंसें, असें वाटेल. म्हणून थोडें समजावून सांगतों. दूरच्या शत्रूवर गोळा टाकला म्हणजे तो पाण्यांत पडून उंच कारंजें उडतें. तें कारंजें शत्रूच्या अलीकडे उडालें कीं पलीकडे, हें पाहून पुढचा नेम सुधारावयाचा असतो. 'हिंदुस्थान'वरील दोन प्रकारच्या मोठ्या तोफांचीं कारंजीं दुरून सारखींच दिसत. कोणतें कोणत्या तोफेचें तें कळेना, म्हणून नेम सुधारणें कठीण होई. एकाच मापाच्या तोफांनीं ही अडचण दूर केली. शिवाय 'ड्रेडनॉट' नव्या टर्बाइन यंत्रांमुळें तासाला एकवीस सागरी मैल जाई. 'हिंदुस्थान'चा वेग साडेअठरा. अशा रीतीनें जी नौका काल राष्ट्राचा अभिमान होती, ती आज जुनी ठरली. तिच्यांत बिघाड कांहींच झाला नव्हता. जग पुढें गेलें, एवढेंच.

पुढील कांहीं वर्षें तिनें अटलांटिक, चॅनल व स्वदेशच्या आरमारांत पहारा आणि कवाईत यांत घालविलीं. १९११ सालीं इंग्लंडचे युवराज एडवर्ड कांहीं महिने शिकाऊ अधिकारी म्हणून तिच्यावर राहिले. १९१२ च्या अखेरीस बाल्कन देशांत युद्ध पेटलें तेव्हां ती व तिच्या भगिनी भूमध्य समुद्रांत गेल्या, आणि माँटेनिग्रोच्या किनाऱ्याच्या नाकेबंदींत त्यांनीं भाग घेतला. या आठ नौका एकत्र चालतांना सुकाणूच्या दोषामुळें सरळ रेषेंत राहत नसत. त्यामुळें खलाशी त्यांस थट्टेनें 'डुलणाऱ्या आठ' म्हणत.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें. उत्तर समुद्रांत जर्मनांनीं ठिकठिकाणीं पाणसुरुंग पेरले होते. इंग्रजांचा मोठा काफिला बाहेर पडे तेव्हां पुष्कळदां या जुन्या नौकांस नव्या नौकांच्या पुढें चालावें लागे. हेतु स्पष्ट होता: सुरुंग फुटलाच तर तो जुन्या नौकेखालीं फुटावा, नवी मौल्यवान नौका वांचावी. या हिशोबाचा आम्ही जेव्हां विचार करितों, तेव्हां मनास चटका बसतो. कारण नौका जुनी असली तरी तिच्यावरील माणसें जुनीं नव्हतीं. तीं तितकींच तरुण होतीं, आणि त्यांचे आईबाप घरीं वाट पाहत होते. ६ जानेवारी १९१६ रोजीं 'सातवा एडवर्ड' स्कॉटलंडच्या उत्तर टोंकाशीं सुरुंगावर आदळून बुडाली. ती हळूहळू बुडाल्यानें जवळजवळ सर्व माणसें वांचलीं. 'ब्रिटानिया' ९ नोव्हेंबर १९१८ रोजीं, म्हणजे युद्ध थांबण्यास दोनच दिवस उरले असतां, जर्मन पाणबुडीच्या पाणतीरानें बुडाली. 'हिंदुस्थान' मात्र सुरक्षित राहिली.

१९१६ च्या एप्रिलांत जर्मन नौकांनीं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील गांवांवर तोफा डागल्या. त्यानंतर किनाऱ्याच्या रक्षणासाठीं 'हिंदुस्थान' व तिच्या भगिनींस टेम्स नदीच्या मुखाशीं शीरनेस येथें आणिलें. त्यामुळें ३१ मे १९१६ रोजीं जटलंडची प्रसिद्ध लढाई झाली, त्या वेळीं त्या तेथें नव्हत्या. गंमत अशी कीं, 'ड्रेडनॉट'हि त्या लढाईंत नव्हती. ती दुरुस्तीसाठीं गोदींत होती. पुढें त्याच उन्हाळ्यांत ती शीरनेसला या जुन्या नौकांची प्रमुख म्हणून आली! जिनें 'हिंदुस्थान'ला एका दिवसांत जुनें केलें, तिलाहि दहा वर्षांत जुन्यांच्या पंगतीस बसावें लागलें.

'हिंदुस्थान'चें शेवटचें काम लढण्याचें नव्हतें, आश्रय देण्याचें होतें. बेल्जममधील झीब्रुग बंदरांतून जर्मन पाणबुड्या बाहेर पडत. त्या कालव्याच्या तोंडांत जुन्या नौका बुडवून वाट बंद करण्याचा बेत ठरला. त्या धाडसासाठीं निवडलेलीं माणसें टेम्सच्या मुखाशीं 'हिंदुस्थान'वर राहिलीं. २३ एप्रिल १९१८ च्या रात्रीं हल्ला झाला; दोनशेंहून अधिक माणसें कामास आलीं, आणि वाट मात्र थोडेच दिवस अडली. जीं माणसें परत आलीं नाहींत, त्यांच्यापैकीं कित्येकांचा शेवटचा निवारा ही नौका होती.

युद्ध संपलें. ९ मे १९२१ रोजीं इंग्रज सरकारनें बऱ्याच जुन्या नौका एकाच दिवशीं एकाच व्यापाऱ्यास भंगारासाठीं विकल्या. त्यांत 'हिंदुस्थान' होती, आणि 'ड्रेडनॉट'हि होती. एकेकाळीं ज्यांची तुलना होत असे, त्या दोघी एकाच दिवशीं तराजूंत पडल्या. त्याच वर्षीं १७ नोव्हेंबरला, जे युवराज मुलगेपणीं 'हिंदुस्थान'वर शिकले, ते मुंबईस उतरले, आणि लोकांनीं त्यांच्या स्वागतावर बहिष्कार घातला. ज्या देशाचें नांव नौकेवर कोरलें होतें, तो देश आतां स्वतः बोलूं लागला होता.

हें नांव पुढेंहि एकदां समुद्रावर दिसलें. १९३० सालीं हिंदी आरमारासाठीं 'हिंदुस्थान' नांवाची एक लहान नौका पाण्यांत उतरली. तिच्यावर मात्र हिंदी खलाशी होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईच्या 'तलवार' ठाण्यांत निकृष्ट अन्न व अपमानाची वागणूक यांविरुद्ध खलाशांनीं संप पुकारला. तो कराचीस पोंचला तेव्हां या 'हिंदुस्थान'वरील खलाशी व लष्कर यांच्यांत तोफाबंदुकांचा मारा होऊन माणसें मेलीं. दीड वर्षानें देश स्वतंत्र झाला, त्याबरोबर दुभंगला, आणि 'हिंदुस्थान' नांवाची ती नौका पाकिस्तानच्या वांट्यास गेली.

विद्यार्थ्यांनो, पहिल्या 'हिंदुस्थान'नें कोणतीहि मोठी लढाई जिंकिली नाहीं. तिनें पहारा केला, सुरुंगांच्या वाटेनें पुढें चालली, आणि लढावयास जाणाऱ्यांस आसरा दिला. बहुतेक सेवा अशीच असते, मग ती नौकेची असो वा माणसाची. मात्र तिच्या नांवावरून आम्ही आणखी एक गोष्ट शिकतों. ज्या वस्तूवर आपलें नांव लिहिलें आहे, ती आपली असतेच असें नाहीं. खनिज आमच्या भूमींतून गेलें, नांवहि आमच्या भूमीचें गेलें. परंतु नौका कोठें जावी आणि कोणावर तोफ रोखावी, हें ठरवितांना आम्हांस कोणी विचारलें नाहीं. आज तें ठरविण्याचा अधिकार व जबाबदारी दोन्ही आपल्याकडे आहेत. म्हणून तर शिकावयाचें.

तो काळा दगड विज्ञानाच्या कपाटांत ठेविला आहे. पुढील खेपेस तो हातांत घ्याल तेव्हां त्याचें वजन थोडें अधिक वाटेल, अशी आमची आशा आहे.