टाकीत कॉस्टिक किती उरलंय?

यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह धरणांचं पाणी मिळतं, ते शुद्ध होऊनच. राज्यातल्या मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांवर त्यासाठी क्लोरीन येतो, बहुतेकदा 900 किलोच्या टनरमधून, म्हणजे मोठ्या सिलिंडरमधून. तो गळला तर काय होतं, ते 14 जुलै 2010 रोजी मुंबईतल्या शिवडीने भोगलं. पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून वायू सुटला आणि शंभराहून जास्त माणसांना त्याची बाधा झाली.

हा वायू पकडणारं यंत्र म्हणजे स्क्रबर. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड, म्हणून ब्लोअर जमिनीलगतची हवा ओढतो. ती मनोऱ्यात खालून वर चढते आणि वरून प्लास्टिकच्या रिंगांच्या थरावरून कॉस्टिक सोड्याचं द्रावण ओघळतं. दोघांची गाठ पडली की मीठ, हायपोक्लोराइट आणि पाणी तयार होतं. 71 किलो क्लोरीनला 80 किलो कॉस्टिक लागतं. अख्ख्या टनरला हजार किलोहून थोडं जास्त, म्हणजे 20 टक्क्यांचं द्रावण पाच टनांवर. ते याहून फार कडक ठेवलं तर मीठ साचून रिंगा तुंबतात. शिवाय 50 टक्क्यांचं कॉस्टिक 12 अंशांच्या आसपास गोठू लागतं आणि यवतमाळात थंडीतल्या पहाटे पारा त्याखालीही उतरतो.

टाकीत कॉस्टिक किती उरलंय हे मीटरने सामू मोजून ठरवायचं, तर खरी मेख त्या सामूचीच आहे. सामूचा एक अंक उतरला की अल्कली दहापटीने घटलेली असते. 1 लिटरमध्ये 40 ग्रॅम कॉस्टिक असेल तर सामू 14 आणि 4 ग्रॅम असेल तर 13. म्हणजे 20 टक्क्यांच्या द्रावणातलं 98 टक्के कॉस्टिक संपलं, तरी मीटर 13च्या आसपासच दाखवतो! शिवाय इतक्या कडक द्रावणात सोडियममुळे काचेचा इलेक्ट्रोडही चुकतो. पुढे उरलंसुरलं कॉस्टिक संपलं की सामू धाडकन कोसळतो आणि क्लोरीन थेट चिमणीतून बाहेर पडू लागतो. मीटरचा इशारा हा असा शेवटच्या घटकेचा. गळती झालेली नसली तरी चाचणीसाठी ब्लोअर चालवताना हवेतला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिकचा थोडा थोडा कार्बोनेट करत असतो.

म्हणून द्रावणाचा नमुना काढून आम्लाने टायट्रेशनच करायला हवं. त्यातही एक खाचखळगा आहे. द्रावणात हायपोक्लोराइट असेल तर फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग बघता बघता उडतो आणि नवख्याला वाटतं, कॉस्टिक संपलं. आधी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून हायपोक्लोराइट मोडावं, मग रंग टिकतो. टायट्रेशनमधून निघालेला आकडा आणि त्याची तारीख टाकीवरच, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी लिहिलेली असावी.