इंजिनाची सकाळ

हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमारास दिल्लीच्या एखाद्या वसाहतीत उभे राहिले, तर मोटार बाळगणाऱ्यांच्या दोन जाती दृष्टीस पडतात. एक गृहस्थ खाली येऊन इंजिन सुरू करतात आणि ते तसेच घुरघुरत ठेवून चहा घेण्यासाठी वर जातात. दुसऱ्यांना आधीच उशीर झालेला असतो. ते गाडी सुरू होते न होते तोच फाटकाबाहेर काढतात आणि हमरस्त्याला लागताच अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतात. पहिले स्वतःला मोठे जाणकार समजतात. दुसऱ्यांना असल्या गोष्टींचा विचार करायला सवड नसते. इंजिनाच्या दृष्टीने दोघेही चुकतात, आणि जाणकारांची चूक तर शेजाऱ्यांनाही भोवते.

गार इंजिन हे केवळ थंड प्रदेशाचे दुखणे नव्हे. इंजिनाभोवती खेळणारे पाणी सुमारे ९० अंश सेल्सियस तापले, म्हणजे ते इंजिन आपल्या स्वाभाविक स्थितीत आले असे समजतात. मुंबईत पहाटे हवा २५ अंश असली, तरी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला ६५ अंशांची मजल मारायची असते. सिमल्यात ती अधिक लांब, इतकाच फरक.

या मजलीत अडचणी दोन. पहिली वंगणाची. रात्रभर वंगणतेल तळच्या टाकीत उतरून बसलेले असते. इंजिन सुरू होताच पंप ते वर चढवतो, आणि काही क्षणांतच ते सर्वत्र पोचते. परंतु गार तेल जाड असते आणि अरुंद वाटांतून सावकाश सरकते. तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ अशी खूण असते, तिच्यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक वाहते राहते. म्हणूनच गाडीसोबतच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल सोडून दुकानदार देईल ते ‘जाड आणि टिकाऊ’ तेल भरणे हा शुद्ध तोटा आहे.

दुसरी अडचण धातूंची. पिस्टन बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. पिस्टन तापल्यावर सिलिंडरमध्ये नेमका बसावा, म्हणून गार असताना तो किंचित सैल ठेवावा लागतो. काही गाड्यांत सकाळी जी बारीक टकटक ऐकू येते आणि दोन-चार किलोमीटरनंतर आपोआप थांबते, ती या सैलपणाची. अशा अवस्थेत इंजिन जोराने फिरवणे म्हणजे पायात सैल वहाणा घालून धावण्याची शर्यत लावणे होय.

मग इंजिन जागच्या जागी तापवून निघावे, हे चहावाल्या गृहस्थांचे म्हणणे खोटे का? एके काळी ते पुष्कळसे खरे होते. अँबॅसडर आणि पद्मिनी यांच्या काळी पेट्रोल कार्ब्युरेटरमधून जाई. थंडीत त्याची नीट वाफ होत नसे. म्हणून चोक ओढून हवा कमी करीत आणि पेट्रोलचे प्रमाण वाढवीत. इंजिन थोडे तापेपर्यंत गाडी गचके देई, कधी चौकातच बंद पडे. वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. २००० सालाच्या आसपास धुराचे नियम कडक झाले, पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा सर्रास आली, आणि चोकची दांडी नाहीशी झाली. दांडी गेली, सवय मात्र वडिलोपार्जित मालमत्तेसारखी पुढच्या पिढीकडे आली.

जागेवर फिरणाऱ्या इंजिनावर भार नसतो, म्हणून त्यात उष्णताही थोडीच निर्माण होते. डिझेलचे इंजिन तर अशा रीतीने तापता तापत नाही. शिवाय इंजिन गार आहे हे ओळखून यंत्रणा जादा पेट्रोल सोडत राहते. त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते आणि खाली उतरून टाकीतले वंगणही पातळ करते. दहा मिनिटे इंजिनाची काळजी घेतली असे वाटते, तेव्हा दहा मिनिटे त्याची झीजच लांबवलेली असते.

शेजाऱ्यांना भोवणारी गोष्ट याहून गंभीर आहे. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक-डबा १९९५ सालापासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचा झाला. परंतु तो साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याखेरीज कामाला लागत नाही. तोवर कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ जशाच्या तसा बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. दार लावलेल्या गॅरेजमध्ये तो थोड्या वेळात माणसाचा प्राण घेऊ शकतो, आणि इमारतीखालच्या वाहनतळावरून तळमजल्याच्या खिडक्यांत शिरू शकतो. गॅरेजमध्ये इंजिन तापवू नये, दार उघडे असले तरी. सार्वजनिक जागेत चालू गाडी बेवारस सोडणे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमालाही मान्य नाही.

तेव्हा किल्ली फिरवावी, पट्टा बांधावा, आरसा नीट करावा. एवढ्यात जो अर्धा मिनिट जातो तो तेलाला पुरेसा होतो. मग निघावे, पण हळू. पहिले पाच-सात किलोमीटर पेट्रोलच्या इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन-अडीच हजारांच्या आत राहिलेले बरे. फेरे कमी ठेवायचे म्हणून चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवणेही योग्य नाही. जाड वंगणावर तो भार अधिकच पडतो. टर्बो असलेल्या गाडीला हा संयम विशेष मानवतो. आणखी एक फसवणूक ध्यानात ठेवण्याजोगी आहे. समोरचा काटा किंवा निळा दिवा पाण्याची उष्णता सांगतो, तेलाची नव्हे. तेल पाण्याच्या मागून कित्येक मिनिटांनी तापते. काटा मध्यावर आला की लगेच मुसंडी मारणारा थोडक्यासाठी घाई करतो.

लडाखची गोष्ट वेगळी. तेथे साध्या डिझेलमधले मेण गोठून नळ्या तुंबतात. म्हणून २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल तेथे आणण्यात आले. अशा थंडीत निघण्यापूर्वी काही मिनिटे थांबणे रास्तच आहे. काचेवरचे दव-हिम जाईपर्यंत समोर दिसतही नाही.

सर्वांत अधिक हाल मात्र रोज कोपऱ्यावरून दूध आणायला नेल्या जाणाऱ्या गाडीचे होतात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंजिन तापलेले असले तर ते वाफ होऊन निघून जाते. एका किलोमीटरच्या फेरीत ते सायलेन्सरमध्ये साचून गंज आणते आणि तेलात मिसळून त्याचा चिखल करते. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्याने न्यावी. दूध आणायला पायी गेल्यास उत्तमच.