उन्हाळ्यातील परसबाग

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पर्जन्यछायेत येते. १९७५ नंतर तेथे पाणलोटाची कामे होऊन विहिरींचे पाणी वाढले. तरी वैशाखात पाणी जपूनच वापरावे लागते. लहानशी परसबाग मात्र घरच्या सांडपाण्यावर भागते. मोरीच्या तोंडाशी कर्दळ व केळ लावावी; साबणाचे पाणी ती सोसतात. भाजी-धान्य धुतलेले पाणी भेंडी, गवार व दोडक्याच्या आळ्यांत सायंकाळी घालावे आणि वर पाचट पसरावे. बी फेब्रुवारीतच टोकावे. कडेस गलांडा असावा. तो भर उन्हातही फुलतो व देवपूजेची सोय होते. संसाराच्या रगाड्यात गृहिणीस सवड थोडी, म्हणून चार-पाच आळीच पुरेत. पाणी घालणे मुलांकडे सोपवावे. त्यांना ते आवडतेही. भेंडी दिवसाआड तोडावी, अन्यथा ती जून होते व नवी फळे कमी धरतात.