डाव्या हाताचे काम काय?

पत्र लिहिताना आपला डावा हात काय करत असतो, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर 'काहीच नाही' असे येईल. फ्रेंच संशोधक ईव्ह गियार यांनी हे तपासून पाहिले. लिहिणाऱ्याच्या कागदाखाली, त्याच्या नकळत, कार्बन कागद ठेवण्यात आला. पान मजकुराने भरले. पण खाली टेबलावर उमटलेली अक्षरे मात्र पानाच्या मानाने बरीच लहान जागा व्यापून एकमेकांवर दाटलेली आढळली. म्हणजे उजवा हात फारसा जागचा हलत नव्हता. डावा हात कागद सरकवून प्रत्येक नवी ओळ लेखणीखाली आणून देत होता.

गियार यांनी १९८७ मध्ये मांडलेला सिद्धांत थोडक्यात असा : डावा हात कामाची चौकट ठरवतो आणि उजवा त्या चौकटीत बारीक काम करतो. डावा आधी हलतो, उजवा मागून येतो. डावखुऱ्यांच्या बाबतीत अर्थातच हे उलट. सुईत दोरा ओवताना किंवा अडकित्त्याने सुपारी कातरताना याचा पडताळा कोणालाही घेता येईल.

संगणकाने मात्र ही जोडी फोडली. माउस एकाच हाताचा, आणि तोही सपाट पृष्ठभागावर फिरणारा. मजकूर वाचण्यापुरते ते चालून जाते. परंतु मेंदूच्या एमआरआयमधून तयार झालेले त्रिमितीय चित्र पडद्यावर असेल, तर अडचण सुरू होते. वस्तू तीन दिशांना सरकते आणि तीन अक्षांभोवती फिरते. माउसची धाव दोनच दिशांची. मग आधी 'फिरवा' हे साधन निवडायचे, नंतर 'सरकवा', नंतर छेद घेण्याचे. ज्या शल्यविशारदाचे लक्ष मेंदूतील गाठीवर आणि तिच्याकडे जाणाऱ्या सुरक्षित मार्गावर असायला हवे, ते बटणांमध्ये अडकते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात केन हिंक्ली, रँडी पॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यावर जो उपाय मांडला, तो प्रथमदर्शनी पोरखेळ वाटावा असा होता. शल्यविशारदाच्या एका हातात बाहुलीचे डोके, दुसऱ्या हातात एक चौकोनी पट्टी. दोन्हींना स्थान आणि दिशा टिपणारे संवेदक जोडलेले. डोके वळवले की पडद्यावरील रुग्णाचा मेंदू वळे. पट्टी डोक्याजवळ जशी धरावी, तसा त्या प्रतलावर मेंदूचा छेद दिसे. हे उपकरण पूर्वी कधीही न पाहिलेल्या मेंदूशल्यविशारदांनी जुजबी ओळखीनंतर, प्रशिक्षणाशिवाय ते वापरले. शिकण्यासारखे फारसे नव्हतेच. डोके कसे धरावे आणि त्यावर पट्टी कशी टेकवावी, हे हातांना आधीच ठाऊक होते. (हेच पॉश पुढे त्यांच्या अखेरच्या व्याख्यानामुळे जगभर परिचित झाले, हे काम त्या मानाने अपरिचितच राहिले.)

तथापि, दोन हात दिले म्हणजे काम दुप्पट वेगाने होईल, हा भ्रम आहे. कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी त्याच वर्षी दाखवून दिले की, दोन्ही हातांना स्वतंत्र कामे वाटून दिली, तर परिणाम एका हाताच्या पद्धतीपेक्षाही वाईट होऊ शकतो. मन दोन्हीकडे ओढले जाते. डाव्याने केलेली मांडणी उजव्याला उपयोगी पडत असेल, तरच लाभ.

आज आभासी वास्तवाचे हेडसेट दोन्ही हातांत नियंत्रक देतात. दोन्ही हातांनी चित्र 'पकडायचे' आणि हात फाकवून मोठे करायचे, ही क्रिया आता सर्वत्र दिसते. जाहिरातीत ती देखणी वाटते. प्रत्यक्षात हात अधांतरी धरून काही वेळ काम केले की खांदे दुखू लागतात, आणि नेमकेपणा सर्वांत आधी जातो. बाहुलीच्या डोक्याच्या बाबतीत ही अडचण नव्हती. कोपर टेबलावर टेकवून आणि हात एकमेकांना लावून काम करता येई.

हात एकमेकांजवळ असण्याचा आणखी एक फायदा हिंक्ली, पॉश आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १९९७ मध्ये प्रयोगाने दाखवला. पडद्यावर काहीच दिसत नसतानाही, दोन्ही हात वापरणाऱ्यांना आधीची जागा पुन्हा सापडत होती. एक हात कुठे आहे, हे दुसऱ्या हाताला न पाहताही कळत होते.