अष्टूरचे भित्तिचित्र : चित्रकार एक, भक्तसमाज दोन



मराठी मनाला बीदर परिचित आहे ते 'बेदर' या नावाने आणि दामाजीपंतांच्या आख्यानातून. दुष्काळात धान्याची कोठारे रयतेला खुली करणारा मंगळवेढ्याचा दामाजी, त्याच्यावर रागावलेला बेदरचा पातशहा आणि दामाजीचे देणे फेडण्यासाठी विठू महाराच्या वेषाने दरबारात उभा राहिलेला पांडुरंग, ही कथा कीर्तनकारांनी घरोघर नेली. परंतु ज्या बहामनी राज्याचे हे बेदर, त्याच राज्यात, शहरापासून पूर्वेस सुमारे कोसभर अंतरावरील अष्टूर गावी, एक असे भित्तिचित्र आहे की ज्याची आपल्या वाङ्मयात फारशी वार्ता नाही. सुलतान अहमदशहा वली बहामनी याच्या कबरीवरील घुमटाचा आतला भाग म्हणजे ते चित्र होय. आजच्या व्याख्यानात मला एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. एखादे धार्मिक भित्तिचित्र नेमके कोण निर्माण करतो? चित्रकार, की ज्यांच्या श्रद्धेसाठी ते काढले जाते तो भक्तसमाज?

प्रथम इतिहासाची रूपरेषा पाहू. अहमदशहाने १४२२ ते १४३६ असे राज्य केले. त्याच्या आरंभीच्या काळात राजधानी गुलबर्ग्यास, म्हणजे २०१४ पासून अधिकृतपणे कलबुर्गी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगरात होती. ती त्याने बीदरला हलविली. गुलबर्ग्यात असताना ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्यावर त्याची निष्ठा होती. ख्वाजासाहेब १४२२ मध्ये निवर्तले. पुढे अहमदशहाने इराणातील किरमानचे सूफी कवी शाह नियामतुल्ला वली यांच्याशी गुरुशिष्यसंबंध जोडला. वृद्ध गुरू स्वतः दख्खनेत आले नाहीत. त्यांनी नातू नूरुल्ला यास पाठविले. १४३१ मध्ये गुरूंच्या निधनानंतर पुत्र खलीलुल्लाही बीदरला आले. बीदरहून अष्टूरला जाताना वाटेत लागणारी अष्टकोनी चौखंडी ही त्यांचीच समाधी. इकडून अहमदशहाने माहान येथील गुरूंच्या समाधीच्या बांधकामासाठी द्रव्य धाडले. अशा रीतीने किरमान आणि बीदर या दूरच्या दोन स्थळांमध्ये श्रद्धेचा एक पूल उभा राहिला. अष्टूरचे चित्र या पुलावरूनच आले आहे.

कबरीच्या आत पाऊल टाकले की प्रथम अंधार जाणवतो. डोळे सरावले की भिंतीचा वरचा भाग आणि संपूर्ण घुमट सोनेरी, शेंदरी आणि गडद निळ्या रंगांनी भरलेला दिसू लागतो. आरशाने बाहेरचे ऊन आत वळवून हे रंग पाहणाऱ्याला दाखविण्याची तेथे रीत आहे. येथे मनुष्याकृती नाही, प्राणी नाही, प्रसंग नाही. वेलबुट्टी आहे, भौमितिक रचना आहे आणि मुख्यतः अक्षरे आहेत. इराणी हस्तलिखितांच्या सजविलेल्या पृष्ठांची किंवा तिकडील गालिच्यांची आठवण व्हावी असे हे काम आहे. जणू ग्रंथाचे एखादे पान कोणी घुमटाएवढे मोठे करून छताला लावले आहे. चित्रकाराने आपले नावही तेथे लिहून ठेवले आहे : शुक्रुल्ला कझविनी. कझविन हे उत्तर इराणातील नगर. आपल्या जुन्या वास्तूंवर राजाचे आणि दात्याचे नाव सहज सापडते, कारागिराचे क्वचितच. त्या दृष्टीने शुक्रुल्लाचे नाव टिकून राहणे ही मोलाची गोष्ट मानली पाहिजे.

आता या अक्षरांत काय आहे ते पाहू. तेथे कुराणातील आणि प्रार्थनेचा मजकूर आहे, शाह नियामतुल्लांच्या काव्यातील वेचे आहेत आणि 'शजरा' आहेत. शजरा म्हणजे शब्दशः वृक्ष. सूफी परिभाषेत गुरुपरंपरेची नामावली. नियामतुल्ली आणि कादिरी अशा दोन परंपरा येथे नोंदविलेल्या आहेत. ही कल्पना मराठी श्रोत्याला परकी वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी आपली परंपरा सांगतात. 'मी जे बोलतो ते माझे एकट्याचे नव्हे', एवढेच त्यात सुचवायचे असते. शजरा हेच काम करतो. एकनाथांचे परात्पर गुरू चांद बोधले यांचा संबंध परंपरा कादिरी सिलसिल्याशी जोडते, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या मूळ प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग येथे मिळतो. कुंचला शुक्रुल्लाचा होता. रंगसंगती, रेषेचा तोल आणि अक्षरांचे वळण त्याचे होते. परंतु कोणत्या गुरूनंतर कोणत्या गुरूचे नाव यावे, कोणता मजकूर घुमटाच्या कोणत्या पट्ट्यात शोभावा, हे एकटा चित्रकार ठरवू शकत नाही. तो अधिकार परंपरेत दीक्षित असलेल्यांचा. खलीलुल्लांचा परिवार बीदरमध्येच होता, तेव्हा हा मजकूर त्या मंडळींकडून आला असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही. अक्षर आणि चित्र यांचा असा संयोग आपल्या मुलखातही पुढे झाला. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर 'पंचीकरण' लिहून काढले आणि आकृत्यांनी तत्त्वज्ञान समजावून दिले. ती पासोडी अंबाजोगाईत आहे. तेथे कवी आणि लेखक एकच होता. अष्टूरला शब्द परंपरेचे आणि हात चित्रकाराचा. दोन्हीकडे हेतू मात्र एकच : ज्ञान डोळ्यांसमोर पसरून ठेवावे.

येथवरची कथा राजा, गुरू आणि चित्रकार यांची झाली. ती येथेच संपली असती तर अष्टूर हे बहामनी कलेचे एक सुंदर, पण मूक उदाहरण उरले असते. बहामनी सत्ता गेली, बरीदशाही गेली, आदिलशाही, मोगल आणि निजामही गेले. ज्या दरबारासाठी हे चित्र रेखले गेले तो दरबार नाहीसा झाला. पण कबरीवर दिवा लावणारे हात राहिले, आणि त्यांत एक वेगळाच भक्तसमाज येऊन मिळाला.

राज्याच्या आरंभी मोठा दुष्काळ पडला असता अहमदशहाने उघड्यावर जाऊन प्रार्थना केली, पाऊस आला आणि लोक त्याला 'वली' म्हणू लागले, असे फेरिश्ता सांगतो. हा 'वली' पुढे लोकमानसात आणखी एक रूप धारण करता झाला. या भागातील लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानू लागले. अल्लमप्रभू हे बाराव्या शतकातले. कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, अनुभवमंटपाचे अध्यक्ष मानले जाणारे महान वचनकार. त्यांच्यात आणि अहमदशहात जवळजवळ तीन शतकांचे अंतर आहे. इतिहासाचा अभ्यासक म्हणून हे अंतर मी पुसून टाकू शकत नाही. परंतु भाविकाला हे अंतर अडत नाही. अवतार या कल्पनेत काळाचे अंतर गृहीतच धरलेले असते.

या श्रद्धेचे दृश्य रूप म्हणजे अष्टूरची जत्रा. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आणि अजिंठ्यावरील खंडांचे कर्ते गुलाम याझदानी यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीदरवरील ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. सुलतानाचा उरूस हिजरी तिथीने होत नाही. तो होळीनंतरच्या विसाव्या दिवशी, हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो. गुलबर्गा जिल्ह्यातील माडियाळ गावचे जंगम आपल्या अनुयायांसह पायी अष्टूरला येतात. शंख फुंकला जातो, कबरीवर फुले वाहिली जातात, नारळ फोडला जातो. फातेहा पढणारे आणि शंख फुंकणारे एकाच घुमटाखाली येतात. ही जत्रा आजही भरते.

आता कल्पना करा. माडियाळहून आलेला भाविक मान वर करून पाहतो तेव्हा त्याला अरबी-फारसी अक्षरे वाचता येत नाहीत. शजरा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. त्याला दिसते ते तेज : अंधारातून उमटणारा सोन्याचा वर्ख आणि मध्यबिंदूकडे ओढून नेणारी वर्तुळे. शून्याची आणि प्रकाशाची भाषा बोलणाऱ्या अल्लमांच्या भक्ताला ते पुरेसे असते. शुक्रुल्लाच्या मनात हा पाहणारा नव्हता, परंतु त्याच्या चित्रात या पाहणाऱ्याला जागा होती. म्हणून मी म्हणतो की हे चित्र शुक्रुल्लाने पूर्ण केले ते केवळ रंगांपुरते. अर्थापुरते ते दरवर्षी होळीनंतर पुन्हा पूर्ण होते.

असे घडावे यासाठी या भूमीची पूर्वतयारी होती. बहामनी राजघराण्यातले मानले जाणारे शहा मुंतोजी, म्हणजेच मृत्युंजयस्वामी, कल्याणीच्या सहजानंदांचे शिष्य झाले आणि त्यांनी मराठीत अध्यात्मपर ग्रंथ रचले. बसवकल्याणजवळ नारायणपूर येथे त्यांची समाधी दाखवितात. कन्नड, मराठी, फारसी आणि दख्खनी या भाषा एकाच बाजारात बोलल्या जात होत्या, तेव्हा एका बोलीतला देव दुसऱ्या बोलीत ओळखू येणे हे नवल नव्हते.

श्रोतेहो, हे सारे सांगताना गोड चित्र रंगविण्याचा माझा हेतू नाही. दोन चिंता मला स्पष्ट मांडल्या पाहिजेत.

पहिली चिंता चित्राची. ओल, धूर आणि काळ यांनी या रंगांची हानी केली आहे; भिंतींच्या खालच्या भागातील रंगकाम बरेचसे गेले आहे. २०१४ मध्ये जागतिक स्मारक निधीने बीदर या ऐतिहासिक नगराचा समावेश आपल्या लक्षवेधी यादीत केला होता. हे स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. येथे एक खरा पेच आहे. ज्या दिव्याने आणि उदाने स्थान जिवंत राहते त्यांचाच धूर सोन्यावर काजळी धरतो. भाविकांना दूर ठेवले तर चित्र वाचेल, पण संग्रहालयातली वस्तू होऊन वाचेल. मुक्तद्वार ठेवले तर जत्रा राहील आणि चित्र काळवंडेल. माझ्या मते याचा मार्ग भाविकांशी बोलूनच निघेल. फुले आणि नारळ घुमटाला अपाय करीत नाहीत. दिवा आणि धूप बाहेरच्या ओट्यावर नेता येतात. हे हुकुमाने सांगितले तर अपमान वाटेल; 'तुमच्याच प्रभूंच्या घराचे रंग राखायचे आहेत' असे सांगितले तर पटेल.

दुसरी चिंता अर्थाची. ज्या आळंद तालुक्यात माडियाळ आहे, त्याच आळंदच्या लाडले मशायक दर्ग्याच्या परिसरातील पूजेचा प्रश्न अलीकडच्या वर्षांत उच्च न्यायालयापर्यंत गेला. कोणत्याही पक्षाचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. पण 'हे स्थान मुळात कोणाचे?' हा एकच प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर अष्टूरला त्याचे उत्तर काय देणार? कबर सुलतानाची, शब्द किरमानच्या संताचे, कुंचला कझविनचा, तिथी हिंदू पंचांगाची आणि शंख माडियाळचा. यांतील कोणताही एक धागा उपटला तर वस्त्र उसवते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. धार्मिक भित्तिचित्र चित्रकार आणि भक्तसमाज मिळूनच निर्माण करतात. मात्र चित्रकाराचे काम एका पिढीत संपते आणि भक्तसमाजाचे कधीच संपत नाही. पहिल्या भक्तसमाजाने शब्द दिले, दुसऱ्याने ते न वाचताही जपले. या प्रशालेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच की अष्टूर दूर नाही. होळीनंतरच्या विसाव्या दिवशी तेथे जावे, मान वर करून ते सोने पाहावे आणि शेजारी उभा असलेला माणूसही तेच पाहत आहे हे ध्यानात घ्यावे.