विंचवाचं विष आणि हृदयातले राखणदार

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर गवताचे भारे हलवताना, सरपण ओढताना लाल विंचू चावतो. नुसत्या कळा येत असतील तर धोका बहुधा कमी. पण उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय दिसले, की प्रश्न हृदयाचा झालेला असतो.

हे विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं. अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयपेशींत कॅल्शियम बेसुमार शिरतं. मायटोकाँड्रियात ते साठलं की तिथलं एक छिद्र उघडतं, ऊर्जा थांबते आणि पेशी मरते. मेलेली हृदयपेशी पुन्हा उगवत नाही म्हटलं तरी चालेल.

नवल म्हणजे हेच अ‍ॅड्रिनलिन वाचवणाराही निरोप देतं. पेशीवरच्या बीटा-वन ग्राहकातून आलेला दीर्घ, तीव्र निरोप मारक ठरतो. बीटा-टूमधून आलेला ‘एकेटी’ या प्रथिनाला जागं करतो. एकेटी ‘बॅड’ नावाच्या मारक प्रथिनाला फॉस्फेट चिकटवून निकामी करतं आणि ते छिद्र मिटलेलं ठेवायला हातभार लावतं. उंदरांच्या पेशींवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. या राखणदारांना आधीच जागं करता येईल का? 1986 मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी चार वेळा पाच-पाच मिनिटं बंद करून सोडली. नंतर ती चाळीस मिनिटं बंद ठेवली, तरी इजा एरवीच्या चौथाईवर आली. माणसांत मात्र हे साधलेलं नाही. झटका आलेल्यांच्या दंडाला पट्टा आवळून-सोडून हाच परिणाम साधू पाहणारी, पाच हजारांवर रुग्णांची युरोपातली चाचणी 2019 मध्ये निष्फळ ठरली.

त्याच 1986 मध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्राझोसिनबद्दल लिहिलं. ही रक्तदाबाची स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हृदयावरचा भार उतरवते. गंभीर दंशात पूर्वी शंभरातले तीसेक दगावत; तिथून हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. 2011 मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी दाखवलं, की सोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतो.

मला हे काम प्रयोगशाळेतल्या कुठल्याही शोधाइतकं मोठं वाटतं. पाड्यावरून मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत हृदयपेशी थांबत नाहीत, म्हणून प्राझोसिन जवळच्या आरोग्य केंद्रातच मिळायला हवं. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवावं. उठवून बसवलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो.