समुद्रातला वायू आणि आपला ऊस

खनिज तेल म्हटले की आपल्याला अरबस्तान आठवतो. पण देवणीच्या उसाला पडणारा युरिया आपल्याच समुद्राशी नाते सांगतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ साली तेल शोधले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथला वायू नळाने उरणला येतो. अलिबागजवळ थळला १९८५ मध्ये सुरू झालेला खत कारखाना याच वायूच्या भरवशावर उभा राहिला. वायूतला हायड्रोजन अन् हवेतला नत्र मिळून अमोनिया होतो, त्याचा पुढे युरिया. एका पोत्यामागे एवढा खटाटोप आहे, बरं का!

आता गंगा उलटीही वाहते. २००१ साली मिरज व मनमाडला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहिले गेले. २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. टनभर उसातून चाळीसेक किलो मळी निघते, तिचे नऊ-दहा लिटर इथेनॉल. कधीकाळी मळी म्हणजे डोकेदुखी होती, आज तेल कंपन्या तिच्या इथेनॉलला दाम मोजतात.

पण गिऱ्हाईक एकच असले की धास्ती असते. डिसेंबर २०२३ मध्ये, पाऊस कमी म्हणून, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने अचानक बंधन घातले आणि अनेक कारखान्यांचा हिशेब कोलमडला. पुढच्या हंगामासाठी ते उठले. तेव्हा वार्षिक सभेत साखरेच्या पोत्यांबरोबर हेही जरूर विचारा : मळीचे इथेनॉल किती, रसाचे किती, आणि त्यातून उसाच्या बिलात काय आले?